कावळ्याची खबर

कार्तिक वद्य ४, शके १८६१. जिंतूर

भुजंगराव गेले.

एवढंच लिहून मघापासून नुसता बसलोय. ही वही किशनराव वकिलांनी दिवाळीला दिली. म्हणाले, बन्सीधर, तू दिवसभर बोलतोस, त्यातलं थोडं लिहीत जा, म्हणजे लोकांच्या कानांना आराम मिळेल. आजवर तिला हात लावला नव्हता. पहिलं पान असं निघणार हे माहीत असतं तर वही घेतलीच नसती.

येलदरीला निघायचंय. गाडीचे बैल रानात चरायला गेलेत, आणायला माणूस धाडलाय. तोवर लिहितोय.

सकाळी दुकान उघडून काचेचा माल झटकत होतो, तर दारात अंगद तबलजी. भुजंगरावांची नाटक कंपनी मोडली तेव्हापासून ते येलदरीला पूर्णेच्या काठी राहतात आणि अंगद त्यांच्याजवळ. कंपनीतली बाकीची माणसं कुठं कुठं पांगली, हा एकटा राहिला. म्हणाला, "शेठ, भुजंगराव गेले वो. पहाटं. तुमालाच पहिलं सांगायलोय." मला वाटलं चेष्टा करतोय. म्हणालो, आईची शपथ घे. त्यानं घेतली आणि उपरण्यानं डोळे पुसले. मग मी काय केलं ते नीट आठवत नाही. बायको मनकर्णा सांगते, तुम्ही हातातला बांगड्यांचा तोडा खाली टाकलात आणि लहान पोरासारखं ओरडून रडलात. काच फुटली म्हणायचं नसतं आमच्यात, वाढली म्हणायचं. तर बराच माल वाढला. मनकर्णाने अंगदला चहा दिला, बरोबर कालचे दोन लाडू. ते खाऊन तो लगेच परत गेला. एवढ्या दुःखात माणसाच्या घशाखाली लाडू उतरतो कसा, असं मनात येऊन गेलं. पोटाला कुणाचं दुःख कळतं म्हणा.

तासाभरात दुकानापुढं ही गर्दी. लिंबाजी हलवायाने कढई उतरवली. हा गडी तरुणपणी भुजंगरावांचा खेळ बघायला परभणी, सेलू, पाथरी असा कंपनीमागं फिरला होता, बापाने दुकानाला कुलूप लावून शोधून आणला होता. आज म्हणाला, "ते रंगावर आले की मला माझी आई आठवायची. आता दोघी गेल्या." दोघी म्हणाला, आणि कुणी हसलं नाही. भाजीवाली कडूबाई म्हणाली, तिकिटाला पैका नव्हता, मी कनातीच्या फटीतून बघायचे, पदर कसा घ्यावा ते त्यांच्याकडून शिकले. तिचा पदर मी रोज बघतो. कधी ध्यानात आलं नव्हतं. किशनराव वकील कचेरीला निघाले होते ते तसेच पायरीवर बसले. त्यांच्यासारख्या माणसाने जिंतूरच्या भर रस्त्यात डोळे पुसावेत!

माझं आणि भुजंगरावांचं काय होतं? अठरा वर्षांमागं कंपनी आली, तेव्हा नायिकेला बांगड्या भरायला मला तंबूत बोलावलं. मी नायिका शोधतोय, तर समोर धोतरातला माणूस हात पुढं करून बसलेला. पुरुषाचा हात, पण असा मऊ की अडीचच्या मापाची बांगडी अंगठ्याखालून सहज गेली. भरून झाल्यावर त्यांनी वाकून मला नमस्कार केला, बायका करतात तसा. मी मागं सरलो. म्हणाले, "लेणं दिलंत. नमस्कार नको?" त्यानंतर कंपनी जवळपास कुठंही असो, बांगड्या माझ्याच हातच्या.

आणि कंपनी मोडली त्या दिवशी माझ्याकडून वचन घेतलं होतं. "बन्सीशेठ, रंगावर मी कितींदा सवाष्ण मेलो. सगळं खोटं, चुडा तेवढा खरा. त्या चुड्यानं मला जन्मभर जेवू घातलं. खरंच जाईन तेव्हा तुमच्या हातानं हिरवा चुडा भरा. लोक हसले तर हसू द्या." मी हो म्हणालो होतो.

चुडा घेतलाय, अडीचचा. बैल आले.

कार्तिक वद्य ५

लिहू कसं तेच समजेना. भुजंगराव जिवंत आहेत!

काल दुपार कलताना येलदरीला पोचलो. वाटलं होतं दारात माणसं असतील, तिरडी बांधत असतील. दारात कुणी नाही. ओटीवर भिंतीला टेकून भुजंगराव चहा पितायत. भूत म्हणावं तर बशीत ओतून फुंकर घालतंय.

मला बघून म्हणाले, "या या. रडलाव का न्हाई ते आधी सांगा."

मी तिथंच मातीत बसलो. मग अंगदने सगळं सांगितलं. परवा भुजंगराव नदीवर तोंड धूत होते, तर कावळा येऊन थेट डोक्यावर बसला. कावळा डोक्यावर बसणं म्हणजे मरणाचं बोलावणं. त्यावर उतारा एकच, माणूस मेल्याची खोटी खबर जिव्हाळ्याच्या माणसाला कळवायची. तो खरोखर रडला की अरिष्ट टळलं. आधी सांगून ठेवलं तर उपयोग नाही, रडू मनापासूनचं हवं. लोक बहिणीला कळवतात, मामाला कळवतात.

"मला कोण हाय?" भुजंगराव म्हणाले. "भाऊबंदांनी तर मी पयल्यांदा लुगडं नेसलो तवाच माझ्या नावानं आंघोळ करून टाकली. अंगदला इचारलं, माझ्यासाठी खरं कोण रडंल रे? त्यो म्हणाला, जिंतूरचा कासार."

रागाने अंग पेटलं होतं माझं. म्हणालो, माझा जीव गेला असता म्हणजे? दोन शिव्याही दिल्या, त्या इथं लिहीत नाही. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळत होता की माझा राग टिकेना. मग म्हणाले, "कोण कोण आलं? काय काय म्हणाले?" मी लिंबाजीचं सांगितलं, कडूबाईच्या पदराचं सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं. वकील रडले म्हटल्यावर अंगदकडं बघून म्हणाले, "ऐकायलास का? वकील!" मग मलाच विचारलं, "आनि तुमी? किती रडलाव?" अंगदने माझी नक्कल करून दाखवली. भुजंगराव हसता हसता धापा टाकायला लागले, इतके, की पाणी द्यावं लागलं.

चुडा आणलाच होता. म्हणाले, भरा की, रिकाम्या हातानं कशाला परत नेता. हात घेतला तर अडीचची बांगडी जाईना! अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, रिकामपण मानवलंय तुम्हाला, अंग धरलंय चांगलं. हात दाबला तर माझं बोट लोण्यात रुतावं तसं रुतलं आणि खड्डा किती वेळ तसाच राहिला. पायही चांगले भरलेत. इतका मऊ हात मी आजवर एका बाळंतिणीचाच पाहिला होता. पुढच्या खेपेला मोठं माप आणतो म्हणालो. त्यांनी तरी वाकून नमस्कार केलाच.

येताना गाडीत एकटाच हसत होतो. माझ्या रडण्यानं एक माणूस वाचला, हे काय थोडं आहे?

मार्गशीर्ष शुद्ध ९

गावानं मला सोडलेलं नाही. लिंबाजी आठवडाभर बोलत नव्हता. म्हणाला, माझ्या कढईतलं तूप त्या दिवशी वाया गेलं ते कावळ्याकडून भरून घेऊ का? कडूबाई मात्र खूष. वकील म्हणाले, हे अडाणीपण आहे, आणि माझ्या रडण्याचा उल्लेख कुठं करू नकोस.

खरं लिहायचं तर मला त्या खोट्या खबरीचा राग नाही. जगात एका माणसाला वाटलं की आपल्यासाठी बन्सीधर कासार खरा रडेल. हे मला फार आवडलंय. बायकोला सांगितलं नाही.

आज अंगद बाजाराला आला होता. भुजंगराव बरे आहेत म्हणाला. फक्त रात्री आडवं होववत नाही, तबल्याच्या गवसणीला टेकून बसूनच झोपतात. मी म्हणालो, नटाचं सगळंच निराळं, झोपेतसुद्धा बैठक मोडायची नाही. अंगद हसला नाही. वैद्याचं औषध चालू आहे का विचारलं, तर म्हणाला, "वैद म्हणतुय परभणीला सरकारी डाक्टरला दावा. ते म्हणत्यात, तिथं बोलपट लागलाय, मला बगवत न्हाई." त्यावर मात्र मीच पोट धरून हसलो. मोठ्या मापाचा चुडा काढून ठेवलाय. संक्रांतीची गर्दी सरली की जाईन.

पौष शुद्ध ४, भोगी

दमून गेलोय, पण आजची गंमत लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

संक्रांतीला नव्या बांगड्या नाहीत अशी बाई जिंतूर तालुक्यात सापडायची नाही. सकाळपासून ओटीवर बायकांची रीघ. एका बाजूला लेकरांच्या बोरन्हाणासाठी चिमुकल्या बांगड्यांचा ढीग. मी कडूबाईचा हात धरून बसलेला, अर्ध्या बांगड्या गेलेल्या, तेवढ्यात गर्दीच्या मागं अंगद. उपरणं डोक्याला गुंडाळलेलं. पायरी न चढता तिथूनच म्हणाला, "शेठ, बाहीर या जरा."

मी म्हणालो, इथूनच बोल, बायका सोडायच्या नाहीत मला.

तो म्हणाला, "भुजंगराव गेले."

मी एकदम हसलोच. म्हणालो, पुन्हा कावळा?

"न्हाई शेठ. खरं हाय. पहाटं गेले."

"पहाटंच? मागच्या वेळीही पहाटंच गेले होते."

"शेठ, आईची शपथ."

"तीही मागं घेतली होतीस."

"तवा खोटी घेतल्ती," म्हणाला. काय गडी आहे! मागच्या वेळी डोळे पुसून दाखवले होते, आज डोळे अगदी कोरडे ठेवले. उलटं सोंग. इतकी वर्षं नाटक कंपनीत काढली ती उगीच नाही. म्हणाला, तुमच्यासाठी थांबवलंय, दिवस मावळायच्या आत न्यावं लागंल, चुडा घेऊन चला.

मी विचार केला, उताराच करायचा तर आपण का कमी पडावं? मोठ्यानं गळा काढला. "अगं माझ्या मैने, कुठं गेलीस गं मला टाकून!" असं छाती बडवून बडवून रडलो की ओटीवरच्या बायका हसून लोळायला लागल्या. कडूबाई तेवढी हसली नाही. हात माझ्या हातात तसाच ठेवून अंगदकडं बघत राहिली. म्हातारीला कळत नाही सगळंच.

मग म्हणालो, जा, सांग त्यांना, कासार मागच्यापेक्षा जास्त रडला. आणि हा घे चुडा. बोरन्हाणाच्या ढिगातल्या चार हिरव्या बांगड्या त्याच्या हातावर ठेवल्या, पाळण्यातल्या पोरीच्या मापाच्या. त्याने हात उघडून बघितलं. "ह्या बारीक हायत, शेठ."

"जास्त अंग धरलंय त्यांनी, म्हणावं जरा उतरवा. मग मोठ्या घेऊन मी येतो."

अंगद कितीतरी वेळ उभा राहिला. मनकर्णाने आतून पाणी आणि तीळगूळ आणला, तर मान हलवून निघाला. बांगड्या उपरण्याच्या टोकाला बांधल्या होत्या. भुजंगराव त्या बघून काय म्हणतील याचाच विचार करून अजून हसू येतंय.

संक्रांत

सण चांगला झाला. माल जवळजवळ संपला.

मनकर्णाचं काल संध्याकाळपासून एकच. "त्यानं पाणी का न्हाई घेतलं?" मी म्हणालो, घाईत होता. म्हणाली, "मागं लाडू खाल्ले होते. काल पायरीसुदीक चढला न्हाई. सुतकातला माणूस जसा दारात उभा ऱ्हातो तसा उभा होता." मी म्हणालो, अगं, सोंग म्हटल्यावर ते पुरतं करायला नको? मागच्या वेळी लाडू खाल्ले ती त्याची चूक झाली होती, ती सुधारली. ती म्हणाली, जाऊन या. म्हणालो, उद्या कर आहे, करीच्या दिवशी कोण घर सोडतं? परवा जातो.

जेवताना तीळगूळ ताटातच राहिला.

कर

आज दुकान बंद. काही करवत नाही. मोठ्या मापाचा चुडा दोनदा काढून मोजला. बरोबर आहे.

कावळ्याचा उतारा एकाच माणसावर दोनदा चालतो का, हे वकिलांना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, बन्सीधर, तू अजून इथं काय करतोयस?

पौष शुद्ध ७

खरं होतं.

सगळं खरं होतं. अंगद एक शब्द खोटा बोलला नव्हता.

ओटी रिकामी होती. भिंतीला गवसणी टेकवलेली, मधोमध दबलेली. अंगद आतून आला, डोकं भादरलेलं. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मला बसायला पोतं टाकलं.

भोगीच्या पहाटे बसल्या बसल्याच गेले. अंग फार सुजलं होतं, दम पुरत नव्हता. आदल्या रात्री त्यांना कळलं होतं. अंगदला म्हणाले, "सकाळी बन्सीशेठला सांगून ये. पण हळू सांग. मागं लय रडलाय त्यो."

हळू सांग म्हणाले.

म्हणून अंगद गर्दीतून ओरडला नव्हता. म्हणून मला बाहेर बोलावत होता. आणि मी छाती बडवली, बायकांना हसवलं.

गावातली चार माणसं दिवस मावळेपर्यंत थांबली. अंगद जिंतूरहून परत आला तरी म्हणाला, जरा थांबा, शेठ येतील. त्याला वाटत होतं मी मागून गाडी घेऊन निघेन. रस्त्याकडं बघून बघून शेवटी उचललं. त्याआधी त्याने माझ्या बांगड्या भरायचा प्रयत्न केला. पाळण्यातल्या पोरीच्या बांगड्या, त्या सुजलेल्या हातांत. बोटांवरूनसुद्धा जाईनात. मग त्याने नाड्यात ओवून दोन्ही मनगटांना दोन दोन बांधल्या. लोक म्हणाले, हे काय? तो म्हणाला, कासारानं धाडल्यात, कासाराला माप म्हाईत हाय.

काल राख गोळा करताना त्याला हिरव्या काचेचा एक गोळा सापडला. तो त्याने ठेवून घेतलाय. मला दाखवला. हातात घेऊ शकलो नाही.

हात पाहिला की मला माणूस कळतो, असं मी जन्मभर ओटीवर बसून सांगत आलो. तो हात माझ्या हातात होता. माझं बोट रुतलं, खड्डा राहिला, आणि मी म्हणालो, अंग धरलंय.

रडू येत नाही. येताना गाडीत प्रयत्न केला. आवाज काढला की तो भोगीचाच आवाज निघतो.

पौष शुद्ध १३, येलदरी

आज दहावा. पूर्णेच्या काठी अंगदने पिंड ठेवला. जिंतूरहून लिंबाजी आला, कडूबाई आली, वकीलही आले. कुणी माझ्याशी वाकडं बोललं नाही. भोगीला कुणालाच खरं वाटलं नव्हतं म्हणे, लिंबाजीसुद्धा हसला होता. हे ऐकूनही मला काही दिलासा मिळाला नाही.

पिंडाशेजारी मी मोठ्या मापाचा हिरवा चुडा मांडला. भटजी म्हणाले, मागं सरा. आम्ही मागं सरलो. समोरच्या बाभळीवर कावळे होते, चांगले चार-पाच. एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला, कबूल करा.

अंगद म्हणाला, तबला मोडणार न्हाई, रोज वाजवीन. कावळा नाही आला. लिंबाजी म्हणाला, दर वर्षी ह्या दिवशी गावजेवण घालीन. नाही आला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं झालो. काय कबूल करायचं? चुडा भरीन म्हणू? हात जोडले आणि नुसता उभा राहिलो. बोलावलं नव्हतं तेव्हा डोक्यावर येऊन बसला, आणि आज हात जोडले तरी फांदी सोडीना.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. गवताच्या चार काड्या वळून गाठ मारली, झाली चोच. तो पिंडाला लावला आणि म्हणाले, शिवला. चला, आंघोळी करा.

ती गवताची चोच पिंडाला टेकली आणि मला फुटलं. भोगीसारखं नाही, कार्तिकातल्यासारखंही नाही. आवाज निघत नव्हता, नुसतं पोटातून वर येत होतं आणि मी वाळूत गुडघ्यांवर बसलो होतो. लिंबाजीने धरायला हात पुढं केला तर अंगदने त्याला थांबवलं.

बऱ्याच वेळाने तो माझ्याजवळ येऊन बसला. मी विचारलं, "बघितलंस ना? खरं आहे ना हे?"

"खरं हाय, शेठ," अंगद म्हणाला. "पण आता सांगायला जायचं कुणाला?"